उणे गळतीचा डीपी

आजचा विषय आहे स्मार्ट मीटरच्या नोंदींतून अल्गोरिदम काय शोधू शकतो. त्याची सुरुवात मी अल्गोरिदमपासून न करता ऊर्जा अंकेक्षणाच्या, म्हणजे किती वीज आली आणि किती बिलात उतरली या हिशेबाच्या, एका तक्त्यापासून करतो. तक्ता समजुतीसाठी मांडलेला आहे, परंतु वीजवितरणात काम केलेल्या कोणालाही तो ओळखीचा वाटेल. एका गल्लीत दोन रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) आहेत, म्हणजे लोकांच्या भाषेत दोन डीपी. महिन्याभरात दोन्हींच्या मीटरवर प्रत्येकी 10,000 युनिट नोंदले गेले. पहिल्या डीपीवरील ग्राहकांच्या बिलांची बेरीज 6,900 युनिट भरली, दुसऱ्यावरील ग्राहकांची 11,800. पहिल्याची गळती 31 टक्के, तर दुसऱ्याची उणे 18 टक्के. पहिला आकडा पाहून लगेच भरारी पथक पाठवावेसे वाटते. दुसऱ्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही, कारण घेतली त्याहून जास्त वीज देणारे रोहित्र अद्याप कोणी बनवलेले नाही. दोन्हींचा हिशेब एकत्र केला, तर 20,000 युनिट आत आले आणि 18,700 बिलात उतरले, म्हणजे गळती साडेसहा टक्के. काही ग्राहक कागदावर एका डीपीला आणि प्रत्यक्षात दुसऱ्या डीपीला जोडलेले असावेत, हा संशय येथे चोरीच्या संशयाआधी यायला हवा.

असे का होते, हे लाइनमनला विचारावे. ऐन मे महिन्यात रोहित्र जळते, लोक रस्त्यावर येतात, आणि तो रात्रीतून दहा-पंधरा सर्व्हिस वायरी शेजारच्या डीपीवर टाकून गल्लीत उजेड आणतो. त्याने केले ते योग्यच असते. नोंद बदलायची तेवढी राहून जाते, आणि पुढची कित्येक वर्षे अंकेक्षण त्या जुन्या नोंदीवर चालते.

ही चूक शोधण्यासाठी पूर्वी खांबाखांबावरून वायरी मोजत फिरावे लागे. स्मार्ट मीटरमुळे दुसरा मार्ग उपलब्ध झाला आहे. जुन्या मीटरचे वर्षाला 12 वेळा वाचन होत असे. दर 15 मिनिटांनी नोंद करणारा मीटर दिवसाला 96 आणि वर्षाला 35,040 नोंदी देतो, आणि त्या नोंदींत युनिटांबरोबर त्या पाव तासाचे सरासरी व्होल्टेजही असते. बहुतेकांचे लक्ष युनिटांकडे असते. जोडणीचा नकाशा मात्र व्होल्टेजमधून मिळतो.

गल्लीत एक पिठाची गिरणी आहे असे समजा. तिची दहा अश्वशक्तीची मोटर सुरू झाली की त्या डीपीतून आणि तारेतून जाणारा प्रवाह वाढतो, आणि त्याच डीपीवरच्या घरांचे व्होल्टेज त्याच पाव तासात थोडेसे उतरते. शेजारच्या डीपीवरील घरांना, ती भिंतीला भिंत लागून असली तरी, याचा फारसा पत्ता लागत नाही. गिरणीची मोटर तीन फेजची असल्याने तिच्यावरून डीपी कळतो, फेज (डीपीच्या तीन वीजतारांपैकी घर नेमके कोणत्या तारेवर आहे ते) कळत नाही. फेज कळते ती कोणाच्या तरी गिझरवरून किंवा सिंगल फेजच्या पाण्याच्या पंपावरून. कोणते यंत्र कोठे आहे हे अल्गोरिदमला माहीत असण्याची गरज नसते. कोणत्या दोन मीटरांचे व्होल्टेज एकत्र चढते-उतरते, याचा सहसंबंध काढून तो मीटरांची गटवारी करतो.

यात दोन खोड्या आहेत. उपकेंद्रातून येणाऱ्या 11 केव्ही वाहिनीचेच व्होल्टेज हलले, तर सगळ्या गावाचे व्होल्टेज एकत्र हलते आणि सगळेच एकमेकांचे शेजारी दिसू लागतात. म्हणून हा सामाईक भाग आधी वजा करावा लागतो. दुसरी खोडी घड्याळाची: एखाद्या मीटरचे घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, तर तो मीटर आपल्याच गटात परका ठरतो.

फेजची नोंद इतकी महत्त्वाची का, हेही पाहू. 100 केव्हीए क्षमतेच्या रोहित्राचा पूर्ण भार दर फेजला सुमारे 133 अँपिअर असतो. तिन्ही फेजवर 60-60 अँपिअर असतील, तर रोहित्र निम्मेही भरलेले नाही. तोच भार 120, 40 आणि 20 असा विभागला गेला, तर एक फेज काठोकाठ भरते, न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, सुमारे 92 अँपिअर वाहतात आणि, तारेतील हानी प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्यामुळे, केवळ फेजच्या तारांतील हानीच दीडपट होते. युनिट तितकेच विकले जातात, आणि कार्यालयात मात्र मोठ्या रोहित्राचा प्रस्ताव तयार होतो.

ग्राहकांच्या भाराची गटवारी हा अभ्यासकांचा लाडका विषय आहे, त्यावर थोडक्यात बोलतो. येथे वापर किती यापेक्षा दिवसभरातील वापराचा आकार कसा, हे पाहतात: नोकरदारांच्या घराला सकाळ-संध्याकाळ दोन उंचवटे असतात, दुकानाला एक रुंद पठार असते. आपल्याकडील विद्यार्थी यासाठी अनेकदा लंडनमधील 5,567 घरांचा, नोव्हेंबर 2011 ते फेब्रुवारी 2014 या काळातील अर्ध्या तासाचा डेटा वापरतात. डेटा उत्तम आहे, पण त्यात नागपूरचा मे महिन्यातला कूलर नाही आणि आठवड्यातील काही दिवस रात्री मिळणाऱ्या विजेवर चालणारा कृषिपंपही नाही. त्यावर शिकलेले गट जसेच्या तसे येथे लावले, तर विदर्भातील निम्मी घरे विक्षिप्त, म्हणजे कोणत्याच गटात न बसणारी, ठरतील.

विक्षिप्त ठरणे ही निरुपद्रवी बाब नाही, कारण त्याच यादीतून चोरीचा संशय जन्मतो. समजा 1,000 ग्राहकांत 20 जण खरोखर वीज चोरतात. अल्गोरिदम त्यांतील 90 टक्के, म्हणजे 18 जण, पकडतो आणि प्रामाणिक 980 जणांपैकी केवळ पाच टक्क्यांवर चुकीचा संशय घेतो. ते पाच टक्के 49 होतात. यादीत 67 नावे, आणि त्यांतील 49 निर्दोष: कोणी गणपतीला कोकणात गेलेले, कोणी छतावर सौर पॅनेल बसवलेले, कोणाचे भाडेकरू घर सोडून गेलेले. वीज कायदा, 2003 च्या कलम 135 खाली चोरी हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे, त्यामुळे पथक अशा घराच्या दारात उभे राहणे ही साधी चौकशी राहत नाही.

ही यादी गाळण्याचे साधन आपण सुरुवातीलाच पाहिले. जोडणीचा नकाशा दुरुस्त करून डीपीनिहाय गळती पुन्हा काढावी, आणि संशयितांनी चोरलेले म्हणून जेवढे युनिट अल्गोरिदम सांगतो, तेवढे त्या डीपीवर खरोखर गहाळ आहेत का, ते तपासावे. डीपीवर महिन्याला 200 युनिटांचाच हिशेब लागत नसेल, तर त्याच्यावरील तिघांनी मिळून 900 युनिट चोरले, असे म्हणणारी यादी पथकाच्या हाती देण्याऐवजी अल्गोरिदम लिहिणाऱ्याकडे परत पाठवावी.