विल्बरफोर्सचे अध्यक्ष डॅनिअल पेन

मित्रहो, डॅनिअल अलेक्झांडर पेन यांनी एक विद्यापीठ चालवले, त्याहीपेक्षा ते विकत घेतले ही गोष्ट मला मोठी वाटते. पण त्या खरेदीमागची जिद्द कळायची, तर त्यांची चार्ल्सटनमधली शाळा आधी पाहावी लागते.

१८११ साली अमेरिकेच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या या बंदरात स्वतंत्र कृष्णवर्णीय आईवडिलांच्या पोटी ते जन्मले, लहानपणीच पोरके झाले आणि सुतारकाम शिकता शिकता पुस्तके वाचत राहिले. १८२९ मध्ये त्यांनी शाळा काढली. तीन मुले आणि रात्री शिकायला येणारे तीन प्रौढ गुलाम एवढेच विद्यार्थी, फी प्रत्येकी महिना पन्नास सेंट. यात पोट भरेना, म्हणून शाळा बंद करून ते एका धनाढ्य गुलाममालकाकडे नोकरी धरून वेस्ट इंडीजला जाण्याच्या बेतात होते. मालक आणि गुलाम यांच्यात फरक असतो तो केवळ अधिक ज्ञानाचा, असे तो गृहस्थ बोलून गेला. पेन यांनी नोकरी सोडली आणि शाळा पुन्हा उघडली! त्या मालकाचे म्हणणे खरे असल्याची जणू पावतीच राज्याच्या विधिमंडळाने दिली: १८३५ च्या एप्रिलपासून गुलामांना शिकवणे गुन्हा ठरला आणि शिकवणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय असेल तर त्याला पन्नासपर्यंत फटके व पन्नास डॉलरपर्यंत दंड ठरवला गेला. शाळेला कुलूप लावून पेन उत्तरेकडे गेले, गेटिसबर्गला धर्मशास्त्र शिकले आणि १८५२ मध्ये आफ्रिकन मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च या कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती पंथाचे बिशप झाले.

ओहायोतले विल्बरफोर्स विद्यापीठ १८५६ साली स्थापन झाले होते. तिथले बरेचसे विद्यार्थी दक्षिणेतल्या गोऱ्या मळेवाल्यांना गुलाम स्त्रियांपासून झालेली मुले होती. यादवी युद्ध पेटताच त्यांच्या फीचा ओघ आटला आणि १८६२ मध्ये संस्था बंद पडली. १० मार्च १८६३ रोजी, खिशात दहा डॉलरची नोटसुद्धा नसताना, पेन यांनी चर्चच्या वतीने दहा हजार डॉलरना तिचा सौदा केला. अमेरिकेतल्या महाविद्यालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. दोनच वर्षांनी, १४ एप्रिल १८६५ रोजी, म्हणजे लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच दिवशी, मुख्य इमारत जळून खाक झाली. तरीही ते १८७६ पर्यंत अध्यक्षपदी राहिले आणि संस्था तगली.

ज्ञानावरच्या या निष्ठेला एक कडवी बाजूही होती. गुलामगिरीतून आलेली गाणी आणि फेर धरून होणारी भजने त्यांना अडाणीपणाची वाटत. प्रार्थनेतून ती हद्दपार व्हावीत म्हणून ते मंडळींशी भांडत. विरोधाभास असा की, पेन विल्बरफोर्सचे अध्यक्ष असतानाच, १८७१ मध्ये, नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचे विद्यार्थी गायनाच्या दौऱ्यावर निघाले आणि गुलामांची तशीच भक्तिगीते गाऊन त्यांनी आपल्या डबघाईला आलेल्या संस्थेसाठी पैसा उभा केला.