शेवटची फेन्स आणि पुढचा चढ

मंडळी, तुमच्यापैकी बरेच जण येत्या मार्चमध्ये पहिल्यांदाच इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमला, उड्यांच्या घोडेशर्यतींच्या उत्सवाला निघाले आहेत. मघापासून चहा घेताना जो तो मला एकच विचारतोय, "कुठला घोडा लावू?" घोड्याचं नाव मी सांगणार नाही. पण घोडा निवडण्याआधी काय बघायचं ते नक्की सांगेन. तिथला चढ बघा.

मुंबईत रेस बघत वाढलेल्या माणसाला हा चढ समजायला वेळ लागतो. माझे वडील मला महालक्ष्मीला न्यायचे. तिथली शर्यत सपाट मैदानावरची. इंडियन डर्बी २४०० मीटरची, चार वर्षांचे घोडे, अडीच मिनिटांच्या आसपास सगळा खेळ आटोपतो. चेल्टनहॅमचा गोल्ड कप सव्वातीन मैलांहून जरा जास्त, म्हणजे जवळजवळ ५.३ किलोमीटर. वाटेत बावीस फेन्स, म्हणजे उडी मारून ओलांडायचे उंच अडसर. घोडे बहुतेक सात ते दहा वर्षांचे, हाडापेरानं मजबूत झालेले. आणि शेवटची फेन्स ओलांडली की विजयस्तंभापर्यंत दोनशेहून जास्त यार्डांचा चढ उरतो. टीव्हीवर तो दिसत नाही. तिथे पायी चालून बघा, पोटऱ्यांना कळतो.

उड्यांचे दोन प्रकार आहेत. हर्डल म्हणजे साधारण साडेतीन फुटी हलका अडसर; घोड्याचा पाय लागला तर तो वाकतो. फेन्स कमीत कमी साडेचार फूट उंच, बर्चच्या काटक्या घट्ट दाबून बसवलेली. हर्डलवर वेग राखायचा असतो, फेन्सवर आधी पाऊल मोजायचं असतं. फेन्सच्या शर्यतीला चेस म्हणतात; गोल्ड कप ही तशी शर्यत.

उत्सव चार दिवसांचा, रोज सात, एकूण अठ्ठावीस शर्यती. मंगळवारी चॅम्पियन हर्डल, बुधवारी दोन मैलांची क्वीन मदर चॅम्पियन चेस, गुरुवारी लांब पल्ल्याची स्टेयर्स हर्डल, शुक्रवारी गोल्ड कप. २००४ पर्यंत उत्सव चार दिवसांचा नव्हता, तीनच दिवसांचा होता.

आता चढाकडे परत येऊ. १९८६ चा गोल्ड कप. डॉन रन ही आयरिश घोडी शेवटच्या फेन्सपाशी मागे पडली होती, पुढचे दोघं निघून गेलेत असंच वाटत होतं. चढ लागला, पुढच्यांचे पाय जड झाले, आणि तिचा जॉकी जॉन्जो ओनीलनं तिला मधून वर काढलं. चॅम्पियन हर्डल आणि गोल्ड कप या दोन्ही शर्यती जिंकणारी ती आजवरची एकमेव. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये शर्यतीत पडून ती मेली. हे दोन्ही एका दमात सांगतोय, कारण या खेळात ही दोन्ही एकत्रच नांदतात.

डेझर्ट ऑर्किडची गोष्ट पैसे लावणाऱ्याला जास्त शिकवणारी आहे. हा पांढरा घोडा इंग्लंडचा लाडका. नाताळच्या दुसऱ्या दिवशी केम्पटनला किंग जॉर्ज चेस होते. ती त्यानं चार वेळा जिंकली. केम्पटन सपाट, आणि उजव्या हाताला वळणारं. चेल्टनहॅम चढउताराचं, डाव्या हाताला वळणारं. त्याला ते कधीच मानवलं नाही. १९८९ साली गोल्ड कपच्या सकाळी बर्फ पडला, मैदानाचा चिखल झाला. समोर याहू नावाचा, चिखलातच खुलणारा घोडा. शेवटच्या फेन्सवर याहू पुढे होता. डेझर्ट ऑर्किडनं चढावर त्याला गाठलं आणि घोड्याच्या दीड लांबीनं हरवलं. न आवडणाऱ्या मैदानावर, न आवडणाऱ्या जमिनीवर! मला विचाराल तर यापेक्षा मोठं धैर्य घोड्याच्या अंगी मला माहीत नाही.

पुढच्या वर्षी तोच फेव्हरिट, म्हणजे सगळ्यांत कमी भावाचा, होता आणि तिसरा आला. जिंकला नॉर्टन्स कॉइन, भाव शंभरास एक, म्हणजे एक पौंड लावला तर शंभर फायदा. त्याचे ट्रेनर सिरेल ग्रिफिथ्स वेल्समधले दुधाचा धंदा करणारे शेतकरी. त्या सकाळी गाईंच्या धारा काढून मग ते घोडा घेऊन निघाले होते. या बातमीवरून कोणी शंभराच्या भावाचे घोडे लावत सुटू नये. इतकंच लक्षात ठेवा की केम्पटनचा विजय चेल्टनहॅमला तसाच्या तसा चालत नाही. रेसबुक हातात आलं की आधी बघा, हा घोडा पूर्वी या चढावर धावलाय का? धावला असेल तर शेवटच्या दोनशे यार्डांत तो पुढे सरकला की मागे आला? नंतर जमीन बघा. पाऊस झाला की जमीन मऊ होते आणि शर्यत दमाची होते. भाव सगळ्यांत शेवटी. "आधी घोडा बघ, मग भाव," असं वडील म्हणायचे.

तरी भावाचं गणित कळायलाच हवं, नाहीतर बुकी ते आपल्याला शिकवतो आणि त्याची फी फार असते. समजा तीनच घोडे आहेत. एकाचा भाव बरोबरीचा (जितके लावले तितकाच फायदा), दुसऱ्याचा दोनास एक, तिसऱ्याचा तीनास एक. बरोबरी म्हणजे दोनात एक शक्यता, पन्नास टक्के; दोनास एक म्हणजे तीनात एक, तेहतीस; तीनास एक म्हणजे चारात एक, पंचवीस. बेरीज एकशे आठ. खरी शक्यता शंभराच्या वर जाऊ शकत नाही, तेव्हा वरचे आठ बुकीचे. घोडे जितके जास्त, तितकं हे वरचं ओझं सहसा वाढतं. वीस-बावीस घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये भाव मोठे दिसतात आणि माणूस भुलतो. तिथे चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन ठेवून सगळ्यांना एका पातळीवर आणलेलं असतं, म्हणून निवडणं अवघड.

अशा शर्यतीत मी पैसे लावलेच तर ईच-वे लावतो. आपल्याकडच्या विन आणि प्लेसचा हा जोडप्रकार. दहा पौंड ईच-वे म्हणजे वीस पौंड जातात: दहा जिंकण्यावर, दहा पहिल्या काही जागांत येण्यावर. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये सहसा पहिल्या चार जागांना भावाच्या चौथाईनं पैसे मिळतात. सोळास एकचा घोडा तिसरा आला तर चौथाई म्हणजे चारास एक, हातात पन्नास पौंड, तीस निव्वळ फायदा. पण चारास एकच्या फेव्हरिटवर ईच-वे लावलं आणि तो चौथा आला तर हातात वीसच येतात, म्हणजे आपलेच पैसे परत. हे घरी कागदावर मांडून बघा.

महिनोन् महिने आधी लावलेल्या पैशाला अँटी-पोस्ट म्हणतात. भाव चांगला मिळतो, पण घोडा धावलाच नाही तर पैसे गेले. एका जानेवारीत मी चाळीस पौंड असे लावले. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात घोडा लंगडला. त्या घोड्याची मी दोन वर्षं वाट बघितली होती. पैशापेक्षा त्याचं न धावणं लागलं. तेव्हापासून घोडा न धावल्यास पैसे परत अशी अट असेल तरच मी आधी लावतो.

आणि चार-पाच घोडे एकात एक गुंफून लावण्याबद्दल. यात एकाची जीत पुढच्यावर लागते, एक हरला की सगळं गेलं. २०१५ च्या उत्सवात मंगळवारी ट्रेनर विली मलिन्स यांचे तीन फेव्हरिट जिंकले होते. हजारो लोकांची साखळी चौथ्यावर, ॲनी पॉवर या घोडीवर, येऊन थांबली होती. शेवटच्या हर्डलला ती पुढे होती, आरामात होती, आणि पडली. एका पावलात बुकींचे कोट्यवधी पौंड वाचले. दुसऱ्या वर्षी तिनं चॅम्पियन हर्डल जिंकली, पण तोवर त्या साखळ्या तुटून वर्ष झालं होतं.

पैशाबद्दल मी कडक बोलणार आहे. आमच्या चाळीत एक गृहस्थ होते. पगाराच्या दिवशी त्यांची बायको गिरणीच्या दारात उभी राहायची, नवरा शनिवारी महालक्ष्मीला जाऊ नये म्हणून. ती बाई मी विसरलेलो नाही. जाताना एका पाकिटात रोख घ्या, रेल्वेचं भाडं वेगळ्या खिशात ठेवा, पाकीट संपलं की लावणं संपलं. फोनवरून अजिबात लावू नका. फोनला तळ नसतो. आपल्यापैकी कोणाला हात आवरत नसेल तर गॅमस्टॉपवर नाव नोंदवा, ब्रिटनमधल्या सगळ्या परवानाधारक ऑनलाइन कंपन्यांची दारं बंद होतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

घोडे मरतात, हा प्रश्न मागच्या वेळी एका ताईंनी विचारला होता. हो, मरतात. २०१८ च्या उत्सवात सहा घोडे गेले. त्यानंतर ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटी या तिथल्या नियामक संस्थेनं तपासणी केली, शर्यतीआधीची वैद्यकीय तपासणी कडक झाली. धोका कमी झाला, संपला नाही. हे ज्यांना सहन होत नाही त्यांनी जाऊ नये. त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. मी जातो, आणि पडलेला घोडा उठेपर्यंत माझं लक्ष दुसरीकडे लागत नाही.

गेलात तर लवकर पोचा. मंगळवारी पहिल्या शर्यतीची दोरी सुटते तेव्हा सगळं मैदान एकदम गर्जना करतं, ती छातीत जाणवते. अर्धं आयर्लंड तिथे लोटलेलं असतं. दोन शर्यतींच्या मधे बारकडे न वळता पॅडॉककडे, शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाकडे, जा. घोडा चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशापलीकडे पडतो का, कान कुठे आहेत, मानेवर घाम फुटलाय का, ते बघा. आर्कल या घोड्याचा पुतळा तिथे आहे, १९६४ ते १९६६ सलग तीन गोल्ड कप जिंकलेला. शेवटच्या वर्षी त्याचा भाव एवढा पडला होता की दहा पौंड लावून एक मिळायचा. २०२२ ला रेचेल ब्लॅकमोर आ प्लू तार या घोड्यावर गोल्ड कप जिंकणारी पहिली स्त्री जॉकी झाली. तो दिवस बघायला माझी मुलगी माझ्याबरोबर होती. ती खुर्चीवर चढली होती आणि मी तिला उतर म्हटलं नाही.

आणि एक शर्यत, दिवसातली निदान एक, पैसे न लावता बघा. स्टँड सोडा, कठड्याशी, शेवटच्या फेन्सच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ उभे राहा. आधी जमीन हलते. मग जॉकी घोड्यांना हाका मारताना ऐकू येतात, मग काटक्यांना पोट घासल्याचा करकर आवाज, नाकपुड्यांतून सुटलेला श्वास, आणि सगळे तुमच्याकडे पाठ करून चढाला लागतात. वर स्टँडमधून ओरडा येतो. कोण जिंकलं ते तुम्हाला तिथून दिसत नाही. तुमच्यापुढे खुरांनी उखडलेली गवताची ढेकळं पडलेली असतात. दोन मिनिटांत हातात खुरपणीचे काटे घेतलेली माणसं येतात, एकेक ढेकूळ उचलून खळग्यात बसवतात, बुटानं दाबतात आणि पुढच्या खळग्याकडे वळतात.