गावी जायचं, पण कुणाच्या म्हातारपणासाठी?

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईत नोकरी करून निवृत्त होणाऱ्या आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या चाकरमान्यांच्या घरात एक विषय हमखास निघतो. भांडुपची किंवा डोंबिवलीची खोली विकायची, फंडाचे पैसे घ्यायचे आणि गावी जाऊन राहायचं. आज मी त्याविषयीच बोलणार आहे. विशेषतः ज्या घरात हा निर्णय एकट्या नवऱ्याने मनात पक्का करून टाकला आहे, त्या घराशी मला बोलायचं आहे.

पैशाचा हिशेब केला तर गाव जिंकतं, यात वाद नाही. खाजगी कंपनीत उभा जन्म काढलेल्या कितीतरी जणांना ईपीएस-९५ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेतली पेन्शन मिळते. तिची किमान रक्कम २०१४ साली महिना १००० रुपये ठरली. रिडेव्हलपमेंट झालेल्या इमारतीत नुसता मेंटेनन्सच त्याच्या कितीतरी पुढे जातो. गावी घरपट्टी वर्षातून एकदाच भरायची असते. तांदूळ, नारळ, कोकम, परसातली भाजी यातलं निम्मं तरी घरचं असतं. पासष्टीनंतर एसटीला अर्धं तिकीट, आणि २०२२पासून पंचाहत्तरीनंतर प्रवास फुकट. स्टेशनचे जिने नाहीत, लोकलची रेटारेटी नाही. मुंबईची हवा खाऊन छातीचा भाता झालेल्या माणसाला गावच्या पडवीत खरोखरच बरं वाटतं.

पण हा हिशेब आपण साठीच्या पायांनी करतो. साठीचा माणूस कलमांना आळी करतो, चढण चढून देवळात जातो, बाजारातून पिशवी आणतो. आपल्याला घर शोधायचं आहे ते ऐंशीतल्या माणसासाठी. त्या वयात रात्री छातीत कळ आली, तर परळहून केईएम जेवढं लांब असतं, तेवढं गावाहून काहीच जवळ नसतं. सिंधुदुर्गात ओरोसला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे, ही मोठी गोष्ट आहे. तरीही गंभीर रुग्णाला घेऊन आपली माणसं आजही गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नाहीतर घाट चढून कोल्हापूरला धावतात. जुलैत घाटात दरड आली की तो रस्ताही बंद होतो. सत्तरीपुढच्यांना २०२४पासून आयुष्मानचं पाच लाखांचं संरक्षण आहे. ते कार्ड जरूर काढा, पण कार्डामुळे हॉस्पिटल काही वाडीजवळ येत नाही.

आता मला सगळ्यात जास्त वेळ ज्या गोष्टीवर घालवायचा आहे, तिच्याकडे येते. नवरा आपल्या गावाला परत जातो. बायको मात्र सासरी जाते. त्याचे तिथे शाळेतले सोबती असतात, देवळात त्याचा मान असतो, गवळदेवाच्या जेवणाला त्याला हाक येते. तिची सोबत मुंबईत राहिलेली असते: ७.५२च्या लेडीज डब्यातला ग्रुप, समोरच्या दाराची शेजारीण, भिशी, भजनी मंडळ. तीस-पस्तीस वर्षं स्वतः कमावून, स्वतः बाजारहाट करून जिने घर चालवलं, ती साठीत पुन्हा थोरल्या जावेच्या चुलीपाशी धाकटी सून होते. काहीजणी त्यातही रमतात, मी त्या पाहिल्या आहेत. पण रमतील असं गृहीत धरणं हा अन्याय आहे. शिवाय आपल्याकडे नवरा बहुधा वयाने मोठा असतो, म्हणजे त्या घरात शेवटची वर्षं एकटीने काढायची पाळी बहुधा तिच्यावरच येते. म्हणून गाव की शहर या प्रश्नात पहिलं मत तिचं घ्या, आणि ती गप्प राहिली तर ती गप्प का आहे हेही विचारा.

निर्णय मे महिन्यात तर मुळीच घेऊ नका. मे महिन्यात आंबे-फणस असतात, मुंबईची सगळी माणसं आलेली असतात, खळ्यात रात्री दोनपर्यंत गप्पा चालतात. त्यावरून गावाची परीक्षा होत नाही. गाव कळायला जून ते सप्टेंबर राहावं लागतं. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी भरायची, कौलं फुटली तर शाकारायला माणूस शोधायचा, आणि तो मिळत नाही हेही अनुभवायचं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा हा मुलूख आहे. २०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा आपल्याकडे कितीतरी वाड्या दिवसचे दिवस अंधारात होत्या. असे निदान दोन पावसाळे दोघांनी तिथे काढावेत. तोवर मुंबईची खोली विकू नये, भाड्याने द्यावी. त्या भाड्यात गावचा खर्च बराचसा निघतो, आणि परतीची वाट मोकळी राहते. खोली एकदा विकली की त्याच पैशात मुंबईत पुन्हा घर मिळणं फार कठीण.

आणि शेवटचं, कागदाचं. गावचं घर बहुतेकदा सामाईक असतं. सातबाऱ्यावर काका, चुलतभाऊ, लग्न होऊन गेलेल्या आत्या अशी नावांची रांग असते. त्या सामाईक जागेत आपले फंडाचे पैसे घालून चिरेबंदी घर उठवलं जातं. घर बांधणारा भाऊ हयात असेपर्यंत कुणी काही बोलत नाही. तो गेला, की त्याच्या बायकोला आपण कुठल्या खोलीत राहायचं हे दिराला विचारावं लागतं. म्हणून पाया खणण्याआधी सगळ्या सहहिस्सेदारांना बसवा, वाटप रीतसर नोंदवून घ्या. घर बांधून झालं की ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीच्या उताऱ्यावर आपल्या नावाबरोबर बायकोचंही नाव लावून घ्या. या गणपतीला सगळे भाऊबंद गावी एकत्र येतीलच, तेव्हाच हा विषय काढा.

नमस्कार.