पुठ्ठ्याच्या सोंगटीवरचा टी-३४

मित्रहो, आज मी रणगाड्यांविषयी बोलणार आहे, पण ते रणगाडे पोलादाचे नाहीत, पुठ्ठ्याचे आहेत. युद्धपटाच्या खेळात षटकोनी घरांच्या नकाशावर सरकणारी अर्ध्या इंचाची सोंगटी आणि तिच्यावर छापलेले तीन-चार आकडे, एवढाच तिथे रणगाडा असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत रणगाड्यांच्या बाबतीत हे आकडे फार बोलके ठरतात, कारण या रणगाड्यांचे गुण फीतपट्टीने मोजता येतात आणि दोष मात्र बहुतेक वेळा आत बसलेल्या माणसांच्या कामात लपलेले असतात.

टी-३४ या मध्यम वजनाच्या सोव्हिएत रणगाड्याचेच पाहा. त्याच्या पुढच्या बाजूचा पत्रा ४५ मिलिमीटर जाडीचा, पण उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्याला त्यामुळे ९० मिलिमीटर पोलाद कापावे लागते. खेळ रचणारा हा ९० चा आकडा घेऊन त्याचे आपल्या मापात रूपांतर करतो आणि चिलखताचा गुणांक ठरवतो. इथपर्यंत हिशेब चोख दिसतो. परंतु गोळ्याचा व्यास पत्र्याच्या जाडीपेक्षा बराच मोठा असला, की उताराचा फायदा घटू लागतो. म्हणजे ३७ मिलिमीटरच्या तोफेसमोरचा टी-३४ आणि ८८ मिलिमीटरच्या तोफेसमोरचा टी-३४ यांचे चिलखत व्यवहारात एकाच मापाचे नसते. सोंगटीवर मात्र एकच आकडा मावतो. त्यात आणखी एक अडचण अशी, की पत्रा ‘भेदला’ केव्हा म्हणायचे याचा सोव्हिएत चाचण्यांतला निकष जर्मन निकषापेक्षा कडक होता. दोन्हीकडचे तक्ते शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करणाऱ्याच्या हातून सोव्हिएत तोफेवर नकळत अन्याय होतो.

जिम डनिगन यांचा ‘पॅन्झरब्लिट्झ’ हा खेळ अॅव्हलॉन हिल या प्रकाशनाने १९७० साली काढला. पूर्व आघाडीवरची, म्हणजे जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांच्यातली, ही लढाई २५० मीटरच्या एका घरावर आणि सहा मिनिटांच्या एका डावावर, म्हणजे खेळातल्या एका फेरीवर, बसवलेली आहे. सोंगटीवर हल्ला, पल्ला, बचाव आणि चाल असे आकडे आहेत. नवखा खेळाडू टी-३४ ची सोंगटी जर्मन सोंगटीशेजारी ठेवून आकड्यांची तुलना करतो आणि तिथेच फसतो, कारण जर्मन सोंगटी म्हणजे एक प्लाटून आहे आणि सोव्हिएत सोंगटी म्हणजे अख्खी कंपनी. त्या काळच्या टी-३४ कंपनीत दहा रणगाडे असत, जर्मन प्लाटूनमध्ये चार किंवा पाच. दोन्ही सोंगट्यांवर सारखाच आकडा असेल, तर खेळाच्या मते एकेका सोव्हिएत रणगाड्याची किंमत निम्मीच ठरते. मला ही युक्ती फार आवडते. सोव्हिएत सेनापती कंपनीला एकच आज्ञा देत असे आणि कंपनी एकगठ्ठा हलत असे. ही गोष्ट डनिगन यांनी नियमाचा एक शब्दही न लिहिता सोंगटीच्या आकारातच बसवली. त्या दहा रणगाड्यांना वाटून पाठवता येत नाही, ही खेळाडूची तक्रार म्हणजे त्या सेनापतीचीच तक्रार आहे.

१९८५ सालच्या ‘अॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’ या खेळाने नेमकी उलट वाट धरली. तिथे एक सोंगटी म्हणजे एकच रणगाडा, घर ४० मीटरचे आणि डाव दोन मिनिटांचा. तोफेच्या मारक आकड्यातून चिलखताचा आकडा वजा करायचा आणि दोन फाशांची बेरीज उरलेल्या आकड्याच्या खाली आली, तर रणगाडा गेला असे मानायचे. जून १९४१ मध्ये लिथुएनियातल्या रासेनियाईजवळ एका एकट्या केव्ही या जड सोव्हिएत रणगाड्याने ६ व्या जर्मन पॅन्झर डिव्हिजनच्या एका तुकडीची रसद अडवून धरली होती. ५० मिलिमीटरच्या तोफांचे गोळे त्याच्यापुढे व्यर्थ गेले, तो प्रसंग या वजाबाकीत चांगला उतरतो: उरणारा आकडा इतका लहान असतो, की फासे टाकण्यात अर्थ राहत नाही.

पण या खेळातली मला खरी मोलाची वाटणारी गोष्ट चिलखताची नाही, बिनतारी संचाची आहे. १९४१ साली सोव्हिएत रणगाड्यांत संच असे तो मुख्यतः तुकडीप्रमुखाकडे. बाकीच्यांनी त्याच्या मागून जायचे. खेळात संच नसलेल्या रणगाड्यांना गटानेच चालावे लागते आणि एखाद्याला वेगळे काढायचे, तर आधी फाशांची परीक्षा द्यावी लागते. शिवाय ७६ मिलिमीटर तोफेच्या टी-३४ च्या बुरुजात, म्हणजे तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागात, माणसे दोनच होती, त्यामुळे रणगाड्याचा प्रमुख स्वतःच तोफेच्या दुर्बिणीला डोळा लावून बसे आणि आजूबाजूला काय चालले आहे ते पाहायला कुणी उरत नसे. १९४४ मध्ये ८५ मिलिमीटर तोफेचा टी-३४ आला, तेव्हा बुरुजात तिसरा माणूस आला. बुरुजाखालच्या धडाचे समोरचे चिलखत होते तेवढेच राहिले. केवळ त्या चिलखताचा आकडा पाहणाऱ्याला या दोन रणगाड्यांतला मोठा फरक दिसणारच नाही.

उलट टोकाला रिचर्ड बोर्ग यांचा ‘मेमॉयर ४४’ आहे. तिथे सगळ्या देशांचे रणगाडे अगदी सारखे: तीन घरे चाल आणि तीन फासे. पूर्व आघाडीच्या पुरवणीत सोव्हिएत वेगळेपण आहे ते पत्त्यांमध्ये. राजकीय कोमिसार, म्हणजे सैन्यात नेमलेला कम्युनिस्ट पक्षाचा अधिकारी, याच्या नावाच्या नियमाने सोव्हिएत खेळाडूला आज्ञेचा पत्ता एक डाव आधीच निवडून ठेवावा लागतो. जाणकार याला पोरखेळ म्हणतात. मला तसे वाटत नाही. दोष यंत्रात नसून आज्ञेच्या वाटेत होता, एवढे तरी हा खेळ जाणतो, जरी सगळा भार एका कोमिसारच्या डोक्यावर टाकणे मला पटत नसले.

शेवटचा मुद्दा वेळेचा आहे. आयएस-२ या जड सोव्हिएत रणगाड्याची १२२ मिलिमीटरची तोफ समोरच्याला हादरवणारी होती. पण तिचा गोळा आणि दारूची नळी वेगवेगळी भरावी लागे, मिनिटाला दोन-तीनच बार निघत आणि रणगाड्यात एकूण २८ गोळे मावत. सावकाश भरणे खेळात दाखवता येते. २८ गोळ्यांची टंचाई मात्र दिसत नाही, कारण दोन-दोन मिनिटांच्या आठ-दहा डावांत ते गोळे क्वचितच संपतात. १९४१ च्या केव्हीची गीअरपेटी आणि क्लच यांचेही तसेच. काही खेळांत बिघाडाचा एखादा फासा असतो खरा, पण ती पेटी शेकडो किलोमीटरच्या कूचमध्ये मोडत असे आणि आपल्या पटावर तर रणगाडा गावाच्या वेशीवर धडधाकट उभा असलेलाच आपल्या हाती येतो.