रेसच्या गाडीला महागडं कूलंट लागतं का?

(नाशिकमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गॅरेज व्यावसायिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. समोर कॉलेजात स्वतःची गाडी बांधणारी मुलं-मुली बसली आहेत आणि अंबड-सातपूरकडे रोज इंजिनं खोलणारे मेकॅनिकही आहेत. दोन्हीकडून मला एकच प्रश्न येतो. ‘रेसिंग कूलंट’ म्हणून साध्या कूलंटच्या कितीतरी पट किमतीला जी बाटली मिळते, ती टाकली की इंजिन खरंच थंड राहतं का? उत्तर आधीच सांगून टाकतो. बाटलीतलं द्रव्य काम करतं, पण फार थोड्या जागेत. रेसमध्ये इंजिन वाचतं ते पाण्यावरच्या दाबामुळे आणि रेडिएटरमधून जाणाऱ्या हवेमुळे.

जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तितकाच सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेला बराचसा कूलिंग सिस्टीमच्या गळ्यात पडतो. ही उष्णता शेवटी हवेतच जायची असते. आधी धातूतून पाण्यात, मग पाण्यातून रेडिएटरच्या नळ्यांत, आणि नळ्यांवरच्या फिन्समधून, म्हणजे पातळ पत्र्यांमधून, हवेत. या वाटेवर सर्वांत मोठी अडवणूक कुठे होते? शेवटच्या टप्प्यावर. पाण्याची उष्णतावाहकता ०.६ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली, तर हवेची ०.०२६ च्या आसपास भरते, म्हणजे पाण्याच्या विसाव्या भागाहूनही कमी. म्हणून तर फिन्स हवेच्या बाजूला लावाव्या लागतात. आतलं द्रव्य बदलून तुम्ही वाटेचा जो भाग आधीच मोकळा आहे, तोच आणखी मोकळा करता. इंजिन तितकीच उष्णता ओतत असेल आणि हवा तितकीच येत असेल, तर तापमानाच्या काट्यावर फार मोठा फरक दिसायचं कारण नाही. आणि थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, ८८ अंशांना उघडणारा असेल, तर कुठलीही बाटली इंजिन त्याच्या खाली नेऊन ठेवणार नाही.

आता द्रव्यांबद्दल. बहुतेकांना वाटतं, कूलंट म्हणजे पाण्यापेक्षा सरस काहीतरी. उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याचा हात धरणारं द्रव गॅरेजमध्ये मिळत नाही. एक किलो पाणी एक अंश तापवायला ४.१८ किलोज्यूल लागतात, इथिलीन ग्लायकॉलला जेमतेम २.४. निम्मं-निम्मं मिश्रण केलं तर लिटरमागे दहा-पंधरा टक्के क्षमता कमी होते, शिवाय मिश्रण दाट असल्यामुळे नळ्यांतून जरा जडपणे वाहतं. मग ग्लायकॉल घालतात कशाला? एक कारण, ते गोठू देत नाही. निम्म्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७ अंशांच्या आसपास असतो. आपल्याकडे निफाडचा पारा कितीही उतरला तरी तितक्या थंडीपासून बचावाची आपल्याला गरज नाही. दुसरं, उत्कलनबिंदू थोडा वर जातो, १०० चा साधारण १०७ होतो. आणि तिसरं, जे आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं आहे, त्यात गंजविरोधी रसायनं असतात.

मग रेसिंगवाल्या बाटलीत असतं काय? मुख्यतः दोन जाती आहेत. पहिली जात म्हणजे पाण्यात थोडंसं मिसळायचं द्रव्य. रेड लाइनचं ‘वॉटर वेटर’ हे त्यातलं सर्वांना माहीत असलेलं नाव. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करतं. त्याचा उपयोग नेमका कुठे, ते बघायला हे हेड, म्हणजे सिलिंडरवर बसणारं झाकण, जवळ घ्या. जळलेला वायू बाहेर सोडणाऱ्या दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटमध्ये, म्हणजे त्यांच्या बैठकींमध्ये, धातूची ही अरुंद पट्टी दिसते ना? करंगळीएवढीही नाही. तिच्यावर बोट फिरवा, केसाएवढी भेग लागेल. अख्ख्या इंजिनात सर्वांत जास्त भाजणाऱ्या जागांपैकी ही एक. हिच्या मागच्या बाजूला पाणी उकळतंच, काटा ९० वर असला तरी उकळतं. बारीक बुडबुडे धातूवरून सुटत राहिले तर ते उलट चांगलं, कारण वाफ होताना पाणी पुष्कळ उष्णता ओढून घेतं. पण बुडबुडे एकमेकांना चिकटून वाफेचा सलग थर झाला, की पाणी धातूला टेकतच नाही. खूप तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेवर नाचत राहतो, तसं. मग ही पट्टी भाजते, तडकते. पृष्ठताण कमी असला की पाणी धातूला अधिक चांगलं धरतं आणि बुडबुडे लहान असतानाच सुटतात. इथे ते द्रव्य खरं काम करतं, आणि तेही साध्या पाण्यात जास्त, ग्लायकॉलच्या मिश्रणात कमी. काटा मात्र पाण्याचं तापमान दाखवतो, या पट्टीचं नाही. म्हणून ‘काटा हलला नाही म्हणजे पैसे वाया गेले’ आणि ‘आता रेडिएटर लहान चालेल’ ही दोन्ही अनुमानं चुकीची आहेत.

दुसरी जात बिनपाण्याच्या कूलंटची. एव्हन्स या कंपनीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते ग्लायकॉलवर आधारलेलं असतं आणि साध्या दाबालाच १८० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. वाफ होत नाही, दाब साठत नाही, पाणी नसल्यामुळे गंजही फारसा नाही. जुन्या, नाजूक रेडिएटरच्या गाडीसाठी मी ते जरूर सुचवेन. पण ते उष्णता कमी वाहतं, त्यामुळे हेडचा धातू जास्त गरम राहतो. जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा टर्बोच्या इंजिनात गरम हेड म्हणजे नॉकिंगला, म्हणजे पेट्रोल आपोआप अवेळी भडकण्याला, आमंत्रण. गाडी उकळत नाही, पण आत पिस्टनचा बळी जाऊ शकतो. रेससाठी हा सौदा मला पटत नाही.

आता माझ्या हातातली ही वस्तू बघा. रेडिएटरची कॅप. वर १.१ असा आकडा कोरलेला आहे, म्हणजे १.१ बार, बाहेरच्या हवेपेक्षा तितका जास्त दाब ही आत धरून ठेवते. आत स्प्रिंग, तिच्याखाली रबरी सील, आणि मधोमध गाडी थंड झाल्यावर पाणी परत आत घेणारा हा छोटा व्हॉल्व्ह. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. त्यामुळे उघड्या भांड्यात इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. ही कॅप नीट बसली की तेच पाणी १२१ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. रेडिएटर किती उष्णता टाकणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना पाणी १०० वर असेल तर फरक ६०. पाणी १२० वर सुरक्षित चालवता आलं तर फरक ८०. तोच रेडिएटर, तीच हवा, आणि एक तृतीयांश जास्त उष्णता बाहेर. एवढी मजल मारणारी बाटली मला अजून दिसलेली नाही.

हे विमानवाल्यांना आपल्या आधी कळलं. स्पिटफायरमधलं रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन सुरुवातीला शुद्ध ग्लायकॉलवर चालायचं. पुढे ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण दाबाखाली वापरायला लागले, कारण उष्णता वाहायला पाणीच हवं आणि उकळणं रोखायला दाब. फॉर्म्युला वनवालेही दाब वाढवून पाणी शंभराच्या बरंच वर चालवतात. पाणी जितकं गरम, तितका रेडिएटर लहान आणि गाडीला हवेचा अडथळा कमी. म्हणजे रेसमध्ये थंड पाणी हे उद्दिष्टच नाही. न उकळणारं गरम पाणी हवं.

नियमांकडेही बघा. फॉर्म्युला स्टुडंट या कॉलेजच्या मुलांनी बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेतल्या गाडीत पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात फक्त साधं पाणी चालतं. मोटरसायकल रोड रेसिंगमध्येही ग्लायकॉलला जागा नाही. कारण ते ट्रॅकवर सांडलं तर तेलासारखा निसरडा थर राहतो आणि मागून येणारा घसरतो, पाणी मात्र वाळून जातं. समोरच्या कॉलेजच्या मुलांनो, तुमच्यापुरता बाटलीचा प्रश्न नियमानेच निकालात काढला आहे. सरळ रेषेत धावणाऱ्या टॉप फ्युएल ड्रॅगस्टरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, तर पाण्याच्या वाटाच नसतात, कारण चार सेकंदांच्या आत शर्यत संपते.

मात्र रोजच्या गाडीत साधं पाणी घालून फिरू नका. ॲल्युमिनिअमचं हेड, लोखंडी ब्लॉक आणि मध्ये पाणी, म्हणजे गंजाची पूर्ण सोय. त्यात आपल्याकडे बोअरचं पाणी ओतायची सवय. त्यातला चुना नेमका गरम जागी, त्या पट्टीच्या मागेच जमतो, आणि तो थर ॲल्युमिनिअमपेक्षा शंभरेक पट कमी उष्णता जाऊ देतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कंपनीने सांगितलेलं कूलंट, एवढं पुरे. हिरवं आणि नारिंगी एकत्र करू नका. रंगावरून रसायन ओळखता येत नाही, आणि न जुळणारी रसायनं एकत्र आली की गाळ धरतो.

नाशिकच्या परिसरात रॅली झाल्या, तेव्हा ज्यांनी सर्व्हिसचं काम केलं त्यांना विचारा, गाड्या कशाने तापतात. मातीने. आपली बारीक धूळ आणि वाळकं गवत फिन्समध्ये बसतं, वर कोणीतरी जोराचं पाणी मारून फिन्स आडव्या करून ठेवतो. रेडिएटरच्या कडेने हवा निसटू नये म्हणून लावलेला फोम फाटलेला असतो. कसारा घाट चढणाऱ्या भरल्या गाडीचंही तेच दुखणं आहे, वेग कमी, भार जास्त, हवा अपुरी. मी गाडी बघायला घेतली की आधी कॅप, मग फिन्स, फोम, फॅन, बेल्ट आणि पंप बघतो. हे सगळं चोख असेल आणि तरीही हेडला त्रास होत असेल, तर ती बाटली आणा, मी स्वतः ओतून देईन.

मागून एका ड्रायव्हर दादांचा प्रश्न आलाय, ‘स्टेज (रॅलीतला वेळ मोजला जाणारा टप्पा) संपवून आलो आणि काटा लाल पट्ट्यात असेल तर काय करू?’ दादा, आधी कॅपला हात लावू नका. १२० अंशांचं पाणी दाब सुटताक्षणी उकळतं आणि सरळ तोंडावर येतं. पाणी गळत नसेल आणि पंप फिरत असेल तर इंजिन आयडलवर ठेवा, फॅन चालू, केबिनचा हीटर पूर्ण उघडा. गळती असेल तर लगेच बंद करा. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) हाताने दाबता येईल इतका नरम पडला की जाड फडकं टाकून कॅप हळूहळू सोडा. गार पाणी एकदम ओतू नका, हेड वाकतं. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं भरा. आत अडकलेली हवा सेन्सरपाशी जमली तर काटा खाली दाखवतो आणि हेड आतून भाजत असतं, म्हणून गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा आणि मगच कॅप लावा.