परसातला मेलेला उंदीर

नमस्कार श्रोतेहो. आज झाडांच्या करामतींबद्दल बोलायचं आहे. लाजाळू, कीटकभक्षी वनस्पती वगैरे शाळेत सगळ्यांचं होऊन गेलंय, म्हणून मी सुरण निवडलाय. हो, भाजीचाच. चिंच नाहीतर आमसूल घालून ज्याची खाज मारतो, तोच.

हकिगत माझ्या आजोळची, मालवणकडची. वळवाचे दोन सडाके पडून गेले होते. एका संध्याकाळी घरात वास सुटला. मेलेल्या उंदराचा. मामा बॅटरी घेऊन माळ्यावर चढला. नारळ खाली आले, सोलांच्या बरण्या खाली आल्या, भाताची कणगी सरकवून झाली. उंदीर नाही. मांजरीला उगाच दोन शिव्या बसल्या. मग संशय शेजारच्या घरावर गेला. तेवढ्यात शेजारचे काकाच नाकाला पंचा लावून गडग्यापाशी आले आणि विचारू लागले, ‘तुमच्याकडे काय मेलंय?’ झालं! गडग्याच्या दोन्ही बाजूंनी आवाज चढले.

इतक्यात मामी खरकटं टाकायला मागच्या दारी गेली आणि तिथूनच किंचाळली. न्हाणीच्या पाण्याशेजारी, पान नाही, खोड नाही, जमिनीतून थेट वर आलेलं काहीतरी. मधे जांभळट, सुरकुतलेला गोळा, भोवती चुण्या पडलेल्या परकरासारखा घेर, आणि त्यावर माश्या न् काळे भुंगेरे नुसते घोंगावतायत. मामी कोयता आणायला धावली. ओटीवरून आजी म्हणाली, ‘उंदीर खंयचो? सुरण फुललो हा. कोयतो ठेव खाली, वास आपसूक जातलो.’

आणि गेला की! दुसऱ्या दिवशी वास ओसरला. चार दिवसांनी शेजारचे काका पुन्हा गडग्यावर हजर, या खेपेला गड्डा कधी काढणार ते विचारायला.

आता हे झाड असं का वागतं? कारण त्याला मधमाशी नको, सडक्या मांसावर येणारे किडे हवेत. म्हणून फुलोरा गंधकाची संयुगं हवेत सोडतो. मांस सडताना येतो तसलाच वास. तो लांबवर जावा म्हणून फुलोरा चक्क तापतो. पुन्हा सांगतो, झाड स्वतः तापतं. आळवाच्या कुळातल्या, सुरणाच्याच एका भावकीत हे तापणं सॅलिसिलिक आम्लामुळे सुरू होतं, असं १९८७ साली सिद्ध झालं. हे अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं आम्ल.

फुलोऱ्यात खाली मादी फुलं, वर नर फुलं. खाली मादी, वर नर. आधी मादी फुलं तयार होतात, तेव्हाच वास जोरात असतो. नरांचे पराग नंतर सुटतात. त्यामुळे स्वतःचेच पराग स्वतःला लागत नाहीत. किडा इथून पराग घेऊन निघतो आणि दुसऱ्या सुरणाकडे फसायला जातो. त्याला खायला मात्र काही मिळत नाही.

सुरणाचा सुमात्रा बेटावरचा भाऊबंद तीन मीटरपर्यंत फुलोरा काढतो. परदेशातल्या बागांमध्ये तो फुलला की लोक रांगा लावून वास घ्यायला जातात. आपण कोयता शोधतो! बाकी हल्ली परसच कुठे उरलंय म्हणा, सगळीकडे फरश्या. आणि मॉलमधल्या त्या सोललेल्या, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या फोडींना मी सुरण मानत नाही. हाताला खाज सुटल्याशिवाय सुरण चिरल्यासारखं वाटतच नाही.

वेळ संपत आली आणि कमळ राहिलंच. थोडक्यात सांगतो. बाहेर १० अंश असले तरी कमळाचं फूल आतून ३० अंशांच्या वर ऊब धरून ठेवतं. अ‍ॅडलेडच्या बागेत हे मोजलं गेलं आणि १९९६ साली प्रसिद्ध झालं. रात्री मुक्कामाला येणाऱ्या भुंगेऱ्यांची तिथे चंगळ. पण कमळाचा वास चांगला असतो, त्यामुळे त्याची हकिगत लांबत नाही. नमस्कार.