खंदकातली भरती

हा खंदक बघा, पाणी हिरवं दिसतंय पण गोडं नाही, चक्क समुद्राचं खारं पाणी आहे हे, आणि आत फिरतायत ते मासेसुद्धा समुद्रातलेच. जपानीत या माशाला ताई म्हणतात, हो, आपल्या ताईसारखंच, आणि तिकडे तो फार शुभ मानतात. खाणं विकत मिळतं, टाकलं की नुसती झुंबड.

आपण आहोत जपानच्या शिकोकु बेटावर, ताकामात्सुच्या किल्ल्यात. 1588 मध्ये इकोमा चिकामासा नावाच्या सरदाराने हे बांधकाम सुरू केलं आणि जागा निवडली ती थेट सेतोच्या समुद्राला लागून, म्हणजे उत्तरेला समुद्र आणि बाकी तीन बाजूंना खंदक, त्यातही समुद्रच आत घेतलेला. भरती आली की खंदक चढतो, ओहोटीला उतरतो. पाणी आत-बाहेर करायला दार आहे, कोकणात खाजणाच्या बांधाला उघाडी असते ना तसलंच, ते अजून चालू आहे!

मुख्य मनोरा आता नाहीये, मोडकळीला आला म्हणून 1884 मध्ये उतरवला, फक्त दगडी चौथरा उरलाय. त्यावर जाऊया, पण थोडंच थांबू, कारण मला दाखवायचंय ते पुढे आहे.

हा पांढरा बुरूज, त्सुकिमी यागुरा, 1676 चा. त्सुकिमी म्हणजे चंद्र बघणं, पण त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ सांगतात, आलेली जहाजं बघणं, आणि मला तोच पटतो कारण शेजारीच हा दरवाजा आहे, मिझुते गोमोन, पाण्याकडचा दरवाजा. मात्सुदायरा घराण्यातले सरदार इथून छोट्या होडीत बसायचे आणि बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजावर जायचे. किल्ल्यातून पाय बाहेर टाकला की समुद्र, मध्ये काहीच नाही.

आणि आता बघा, दरवाजासमोर रस्ता. भराव टाकून समुद्र मागे ढकलला, बंदर पुढे गेलं, गाड्या चालल्यायत. मी इथे बराच वेळ उभा होतो, खूप वाईट वाटलं खरं सांगतो, एवढा देखणा दरवाजा आणि त्याला पाणीच नाही.

पण रस्त्याखालून ते येतंच की. सकाळी आलो तेव्हा खंदकाच्या भिंतीवर ओल्या दगडांचा एक पट्टा दिसत होता, आता दुपारी तो पाण्याखाली गेलाय. शेजारच्या स्टेशनातून ट्रेन निघालीये, खंदकाच्या अगदी कडेने चाललीये, आणि ताई मासे उघाडीच्या तोंडाशी जमलेत.